ते तेल मावशीचं नव्हतं

मावसबहीण उज्ज्वलाचा फोन आला तेव्हा मी सुरतेजवळच्या सचिन वसाहतीत, कारखान्यात बॉयलरशेजारी उभा होतो. आवाजात काही ऐकू येईना म्हणून बाहेर आलो, तोवर फोन कट झाला होता. परत लावला. "दादा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. दुकानात, सकाळी साडेअकराच्या सुमारास. समोर गिऱ्हाईक उभं होतं, मावशी डबा काढायला उठली, पुन्हा खुर्चीत बसली, आणि बसलीच... मी फोन खिशात टाकून गेटपर्यंत चालत गेलो. गाडी मागच्या बाजूला लावली होती हे गेटवर पोचल्यावर आठवलं. त्याला आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मला एका जागी बसवत नाही. जेवता जेवता उठतो. गाडी बाहेर काढतो आणि कुठे निघालो होतो ते आठवत नाही म्हणून परत लावतो. बायको म्हणते, मावशीवर तुमचा जीव होता, व्हायचंच असं. जीव होता, खरं आहे. पण बसू न देणारी गोष्ट वेगळी आहे आणि ती परवापरवापर्यंत बायकोलाही माहीत नव्हती.

कमलमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. धुळ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन सुरतेला नवागामला आली. काका लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते. लूमच्या कारखान्यांना यंत्राचं तेल लागतं, ते डबे पोचवायचं काम मावशीने घेतलं. आधी डोक्यावरून, मग भाड्याच्या सायकलगाडीवरून. डबा टेकवून ती लगेच निघायची नाही. उभी राहून ऐकायची. कुठल्या लूमचा दात खडखडतोय, कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय, हे तिला कारागिराच्या आधी कळायला लागलं. पुढे तिने पिठाची गिरणी आणि मोबाईलचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यात स्वतःचं तेलाचं दुकान टाकलं. लूमचं तेल मागे गेलं, मोटारसायकली, रिक्षा, टेम्पो, कार यांचं पुढे आलं. शाळा चौथीपर्यंत. डब्यावरचं इंग्रजी ती अक्षर अक्षर लावून वाचायची आणि एकदा वाचलेलं विसरायची नाही. स्वतः मात्र आयुष्यात कधी स्कूटीसुद्धा चालवली नाही.

गिऱ्हाइकाने तेल मागितलं की ती आधी विचारायची, "गाडी कोठे लई जावानी शे?" लोक हसायचे. कुठे नेणार, रस्त्यावरच! पण तिला ते हवं असायचं. रोज दोन किलोमीटर भाजीला, की महामार्गावरून अंकलेश्वरला, की माल भरून घाटात. डब्यावरच्या दोन आकड्यांचं तिने मला जे सांगितलं तेवढं सोपं पुढे कुठल्या इंजिनिअरने सांगितलं नाही. "पहिला आकडा गाडी झोपेतून उठते तेव्हाचा. दुसरा ती राबून तापते तेव्हाचा. आपल्या सुरतेत थंडी कुठे आहे? तू दुसऱ्याकडे बघ."

मला गाडी पळवायचा नाद होता. जुनी, दुसऱ्याने वापरलेली छोटी हॅचबॅक. सोमवार ते शनिवार ती घरून, दिंडोलीहून, सचिनला कारखान्यात, मुलांना शाळेत, बायकोला माहेरी. वर्षातून दोनतीनदा मात्र तीच गाडी घेऊन मी आणि माझा मित्र जिग्नेश रेसच्या ट्रॅकवर जायचो. जिग्नेशचा कतारगामला हिऱ्यांचा छोटा कारखाना, त्याची गाडी माझ्यापेक्षा चांगली, पण वेळ मला कमी लागायचा. मावशीने माझ्या गाडीचं सगळं ठरवून दिलं होतं. रोजच्यासाठी इंजिनात पाच-तीस. ट्रॅकला जायच्या आधी ते काढून पाच-चाळीस, कारण तिथे इंजिन तासभर ओरडत राहतं आणि पातळ तेल आणखी पातळ होतं. डिपस्टिकवर तेल बरोबर वरच्या खुणेला. कमी असेल तर लांब वळणात ते एका कडेला पळतं आणि पंप कोरडा ओढतो. आल्या आल्या ते तेल काढून टाकायचं, कितीही स्वच्छ दिसलं तरी. गिअरबॉक्सचं तेल वेगळं. तिथे ती ठाम होती. "डब्यावर चार लिहिलेलं घे. पाच मोठं म्हणून चांगलं नाही. ते जड दातांसाठी आहे. तुझ्या गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या आहेत, त्यांना ते खातं. आणि हीच गाडी सोमवारी सचिनला न्यायची आहे ना तुला?"

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी ट्रॅकवर आमच्या गटात जो पहिला येईल त्याला एक संघ पुढचा सगळा हंगाम आपल्या गाडीतून, आपल्या खर्चाने पळवणार होता. मी चाळिशीला टेकलो होतो. असं काही पुन्हा येणार नाही हे मला कळत होतं. फोनवरच्या आमच्या ग्रुपमध्ये जोरात पळणारी दोनचार मुलं होती, ती सांगत की गिअरला पाच नंबरचं घट्ट तेल टाका, दाबाखाली तेच टिकतं. कुणीतरी विचारलं, तू कुठून घेतोस रे? नवागामला, पिठाच्या गिरणीशेजारी, माझ्या मावशीकडून... हे माझ्या बोटांतून टाईप होईना. लाज वाटली, दुसरं काही नाही. मी ऑनलाइन मागवलं, चकचकीत परदेशी डबा, आणि स्पर्धेच्या तीन महिने आधी टाकलं. मावशीने विचारलं तेव्हा म्हणालो, "तू दिलेलंच आहे."

त्यानंतर ती म्हणाली, "मला एकदा ने ना तिथे. माझं तेल तिथे काय करतं ते बघू दे."

नाही म्हणता आलं नाही. पुण्याच्या पलीकडे कुठेतरी माळावर तो ट्रॅक. मावशी जिग्नेशच्या गाडीतून आली, नऊवारी नेसून, मांडीवर ठेपल्यांचा डबा. पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि दिवसभर डोळे मिटून ऐकत राहिली. सुरतेचे तीनचार गॅरेजवाले आपापल्या गिऱ्हाइकांबरोबर आले होते. त्यातले बहुतेक तिच्याकडूनच तेल घ्यायचे, येऊन पाया पडून गेले. दुपारपर्यंत मी दुसऱ्या नंबरावर होतो, पहिल्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने मागे. शेवटची फेरी उरली होती. गाडी थांबवून उतरलो तेव्हा मावशी उठून जवळ आली.

"दुसरा गिअर कुरकुरतोय," ती म्हणाली.

"तापलाय, मावशी."

"तापलेला असा बोलत नाही. बूच सैल कर."

मी जिग्नेश कुठे आहे ते पाहिलं. तो पाणी आणायला गेला होता. गाडी जॅकवर घेतली. मी गिअरबॉक्सचं वरचं बूच सैल केलं. कड गार व्हायची वाट पाहून तिने करंगळी आत बुडवली, उन्हात धरली. तेलात बारीक पिवळी चमक होती, सोनाराच्या दुकानातल्या धुळीसारखी. मग तिने बोट नाकाशी नेलं. पाच नंबरच्या तेलाला गंधकाचा उग्र वास असतो, तो लपत नाही.

"हाई मन्हं तेल नही शे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मी बूच परत बसवायला लागलो. "बरं, राहू दे ते. आता जाऊ नको, पोऱ्या. वळणावर गिअर पडला नाही तर काय करशील?"

तिने खोटं पकडलं होतं आणि लगेच बाजूलाही ठेवलं होतं. मला मात्र ते बाजूला ठेवता आलं नाही. मी म्हणालो, "मावशी, तुला दुकानातलं कळतं. इथलं नाही कळत." आणि हेल्मेट घातलं.

त्या फेरीच्या तिसऱ्या चकरेत, सरळ पट्ट्यानंतरच्या आखूड वळणावर, दुसरा गिअर पडला नाही. पुन्हा दाबला, करकरला, पडला नाही. तेवढ्यात वळण संपलं होतं. गाडी खडीत शिरली, टायरांच्या भिंतीला बाजूने घासून थांबली. मला काही झालं नाही. ओढून आणली तेव्हा सगळे जमले. जिग्नेश धावत आला, त्याने दार उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गियरमां कयुं ऑईल नाख्युं हतुं?"

गॅरेजवाले उभे होते. ग्रुपवरची मुलं उभी होती. मावशी माझी हेल्मेटची पिशवी छातीशी धरून उभी होती.

मी म्हणालो, "मावशीच्या दुकानातलं."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं आता बोलेल... बोलावं असंच मला वाटत होतं बहुतेक. ती पुढे आली, बाटलीचं झाकण काढलं आणि म्हणाली, "पाणी पी आधी." परतीच्या वाटेवर ती पूर्ण वेळ खिडकीला डोकं टेकून होती. नवागामला उतरताना मला म्हणाली, "हाताबिताला कुठे लागलं नाही ना रे?"

नंतर ज्या मिस्त्रीने गिअरबॉक्स उघडला तो म्हणाला की दुसऱ्या गिअरची कडी गेलीय. तेलाने गेली असेल, आधीच झिजलेलीही असेल, जुनी गाडी आहे, सांगता येत नाही. मला 'सांगता येत नाही' एवढंच ऐकायचं होतं. त्यावर मी सहा वर्षं काढली. ट्रॅकचा नाद सुटला. मावशीकडचे गॅरेजवाले एकेक करून कमी झाले. उधन्याचा गेला, मग त्याच्या शेजारचा, मग दिंडोलीच्या पुलाजवळचा. मी दुकानात गेलो की ती म्हणायची, "आजकाल सगळे फोनवरूनच मागवतात." मी मान डोलवायचो. माझं तेल ती पूर्वीसारखंच काढून द्यायची. गिअरला काय टाकतोस, हे तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

एकदा, दिवाळीच्या आधी, मी धीर करून म्हणालो, "मावशी, त्या दिवशी ट्रॅकवर..." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ते गेल्यावर तिने विचारलं, "काय म्हणत होतास?" मी म्हणालो, "काही नाही, डिझेलच्या गाडीचं विचारायचं होतं." आणि तिने मला पाच मिनिटं डिझेलच्या गाडीचं समजावून सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे डिझेलची गाडी नव्हती, हे तिला माहीत होतं.

चौदाव्या दिवशी मी उज्ज्वलाला सांगितलं. मावशीची ती एकुलती मुलगी, दुकान आता तीच चालवणार आहे. ती फडताळावरचे डबे पुसत होती. हात थांबला नाही. "ते आपलं नव्हतं, हे मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "आईने छोट्या गाडीला पाच नंबरचं कुणाला दिलं असतं का?"

"तिने काही सांगितलं होतं तुला?"

"मी विचारलं होतं. लोकांना का सांगत नाहीस म्हणून भांडलेसुद्धा. म्हणाली, घाबरेल व्हता तो." उज्ज्वलाने डबा जागेवर ठेवला. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "मला सांगून काय उपयोग, दादा? ज्यांच्यासमोर बोललास त्यांना सांग."

म्हणून गेलो. पहिल्यांदा कतारगामला, जिग्नेशकडे. त्याने मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाला, "तो मासी ते दिवसे कंई बोल्या केम नहीं?" मावशी त्या दिवशी का बोलली नाही, हेच मीही सहा वर्षं विचारत होतो. त्याने चहा मागवला, दोघांचाही तसाच राहिला. उधन्याचा गॅरेजवाला भडकला. "मैंने दस लोगों को बोला था, उनके यहाँ से मत लेना," तो म्हणाला, "अब उन दस को मैं क्या बोलूँ?" त्याच्या शेजारच्याला प्रसंगच आठवत नव्हता. आणि पुलाजवळचा, आपला चोपड्याकडचा माणूस, तो म्हणाला, "छे हो, मी कुणाच्या सांगण्यावरून नाही सोडलं. दुसरीकडे स्वस्त मिळायला लागलं, एवढंच." तिथून निघालो आणि रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बसलो. माझ्या एका वाक्याने मावशीचं किती गेलं, ते आता मला कधीच कळणार नाही. थोडं गेलं असेल. सगळं गेलं असेल. तिला माहीत असेल तर तिने सांगितलं नाही. ज्या चौघांकडे जाता आलं त्यांच्याकडे गेलो. ज्या दहाजणांकडे जाता येत नाही, त्यांच्यातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहितो आहे. ते तेल मावशीचं नव्हतं. तिने मला जायलाही नको म्हटलं होतं.

गेल्या आठवड्यात उज्ज्वलाने दुकानाला रंग दिला. काउंटरच्या उजवीकडे, बसलेल्या माणसाचा हात जिथे पोचतो तिथे, भिंतीवर एक काळपट डाग आहे. तेल बघून झालं की मावशी तिथे बोट पुसायची, पंचवीसेक वर्षं. फडकं शेजारीच टांगलेलं असायचं, तरी. रंगाऱ्याने पहिला हात मारला, दुसऱ्या दिवशी डाग वर आला. पुन्हा मारला, पुन्हा आला. तो म्हणाला, प्लास्टर फोडावं लागेल, तेल आत मुरलंय. "राहू द्या," उज्ज्वला म्हणाली. मी तिथेच उभा होतो. इतक्यात एक रिक्षावाला आपल्या इंजिनातलं तेल बाटलीत घेऊन आला, बदलायला झालंय का विचारत. उज्ज्वलाने थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने घासून पाहिला, त्याला म्हणाली, अजून आठ दिवस चालेल. आणि त्याच्याशी बोलता बोलता, भिंतीकडे न बघता, तिने बोट त्या डागावर पुसलं.