टिचकीचा आवाज

शालन गेली तेव्हा मी दाढीला बसलो होतो. अर्ध्या गालाला साबण, आणि शेजारचा दिलावर दुकानाच्या दारात उभा. "मामा, घरला चला," एवढंच म्हणाला. मी तसाच उठलो. सव्वा महिना झाला त्याला. बायको गेल्यावर माणसं रडतात, तसं माझंही रडून झालं. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली, ती लिहितो. चौथी शिकलेला माणूस आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही दोघं गडमुडशिंगीहून एकाच सायकलवर फाउंड्रीत जायचो. मी मोल्डर, साचे करायचो. ती कोअर शॉपला. कोअर म्हणजे साच्याच्या पोटात बसवायचा वाळूचा ठोकळा. तो भट्टीत भाजतात. कच्चा राहिला तर लोखंडाचा रस ओतल्यावर उसळतो, माणसाचे पाय भाजतात. शालन भाजलेल्या कोअरवर नखानं टिचकी मारायची, कान लावायची. "ह्यो झालाय. ह्यो न्हाय, परत टाका." कधी चुकली नाही. पगार मात्र माझ्या निम्मा. बायकांचं हलकं काम, असं सगळेच म्हणायचे... मीही.

नव्वद सालानंतर ठेकेदारानं बिहारची माणसं आणली. तीही साचेच करायची, आमच्यापेक्षा कमी पैशात. आमचा ओव्हरटाइम बंद झाला. जुन्या मोल्डरांनी काम थांबवून गेटवर बसायचं ठरवलं. घरी येऊन मी तावातावानं म्हणालो, "ह्या भय्यांनी आमची किंमत घालवली."

शालन भाकरी थापत होती. "अवं, पंधरा वरसं मी तुमच्या निम्म्यावर राबतोय. तवा न्हाय बोंबललासा?"

"तुझं येगळं हाय."

"काय येगळं? त्या बिहारच्या रामप्रवेशला तुमच्याएवढा पगार द्यायला लागला, तर त्येला कशाला आणतील एवढ्या लांबनं? मागण्या लिवताय न्हवं? मग लिवा, सगळ्यास्नी सारखं. बायकास्नी बी, त्येंच्यास्नी बी."

अक्षर बरं म्हणून मागण्या माझ्याकडूनच लिहून घ्यायचे. शालनची ती ओळ लिहून गेटवर वाचली, तर सगळे हसले. "काय आबा, वैनीस्नी पुढारी केलासा व्हय?" मीही हसलो, आणि ओळ खोडली. कोअर शॉपच्या बायका आमच्यासाठी काम सोडून तिथंच उन्हात बसल्या होत्या. संध्याकाळी शालननं विचारलं, "लिवलासा?"

"व्हय की."

माझ्या तोंडाकडं बघून ती तव्याकडं वळली.

आम्हाला वाढ मिळाली, बायकांना नाही, बिहारच्यांना नाही. मग जे व्हायचं ते झालं. आम्ही आणखी महाग झालो, ते स्वस्तच राहिले. दोन वर्षांत जुने मोल्डर घरी बसवले, त्यात मी पहिला. पुढं कितीतरी वर्षं घर शालनच्या निम्म्या पगारावर चाललं. त्या ओळीचा विषय तिनं परत कधी काढला नाही. मीही काढला नाही.

शालनच्या मातीला रामप्रवेश आला होता. आता चांगली कोल्हापुरी बोलतो. खांदा दिला, आणि म्हणाला, "काकीमुळं माझं पाय शाबूत हायती."

आता भाकरी मीच करतो. शालन तव्यावरून उतरलेल्या भाकरीवरसुद्धा टिचकी मारून बघायची. तसं मीही करतो. टिचकी मारतो, कान लावतो... मला काही फरक कळत नाही. तिला कळायचा. त्या संध्याकाळचं माझं "व्हय की" कच्चं होतं, हेही तिला तेव्हाच कळलं असणार.