फारखत न मागणारा माणूस

माझ्या मामाइतका भिडस्त माणूस मी दुसरा पाहिला नाही. तो खुर्च्या विणायचा. भिजवलेला वेत भोकांतून ओढून ताणताना त्याच्या हातांत जो जोर असे, तो तोंडात कधी आला नाही. गिऱ्हाइकाने मजुरी थकवली, तरी हा त्यालाच विचारायचा, "बैठक टोचत नाही ना?"

त्याचा गाळा शेजारच्या वखारवाल्याकडे गहाण होता. मामीच्या आजारपणात घेतलेलं ते कर्ज मामाने पोटाला चिमटा काढून फेडलं. शेवटचे पैसे दिले, तेव्हा वखारवाल्याच्या बायकोने, मामा त्यांना वहिनी म्हणायचा, स्वतः चहा आणून दिला. मामा चहा प्यायला आणि हात हलवत घरी आला.

"फारखत कुठाय?" मामीने विचारलं.

मामीचे वडील कचेरीत लेखनिक होते, म्हणून तिला हा जुना शब्द ठाऊक. फारिग म्हणजे मोकळा आणि खत म्हणजे कागद; फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द. कर्ज देणाऱ्याने लिहून द्यायचं, की माझं याच्याकडे काही येणं उरलं नाही, हा मोकळा. कागद हाती पडला की दोघांचा व्यवहार तुटला. पुढे नवरा-बायको वेगळे झाले, तरी लोक फारकत म्हणू लागले.

मामाला खुपत होतं ते हेच. "संबंध तुटल्याचा कागद मागू? रोज एका बाकावर बसतो आम्ही!"

"भीड भिकेची बहीण," मामी म्हणाली. तिचं कोण ऐकतो!

वर्षभरात वखारवाला गेला. त्याच्या मुलाला कपाटात गहाणखत सापडलं आणि तो थेट गाळ्यात आला. "काका, फारखत दाखवा, नाहीतर गाळा खाली करा."

मामा मला घेऊन वहिनींकडे गेला. त्या जुना स्वेटर उसवत बसल्या होत्या. "वहिनी, तुमच्यासमोरच दिले होते ना मी पैसे?" त्यांनी दारात उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. मग लोकर गुंडाळत म्हणाल्या, "मला बाईमाणसाला व्यवहारातलं काय कळतं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मामा नुसता "बरं, येतो" म्हणाला.

रस्त्यात मी कोर्टाची गोष्ट काढली. तो म्हणाला, "तिथे त्यांना शपथ घ्यायला लावतील. खरं बोलल्या तर मुलगा घराबाहेर काढेल. या वयात कुठे जातील?" स्वतः कुठे जाणार, हे त्याला सुचलंच नाही. मला त्याचा राग आला, अजूनही येतो.

गाळा गेला. मामा स्वयंपाकघरात वेत भिजवू लागला, पण गिऱ्हाइकांना घर सापडेना आणि सापडलं तरी जिना चढून खुर्ची कोण आणणार? मग काम बंदच पडलं. दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मामी जेवायला हाक मारायची, तर म्हणायचा, "कमावलं काय मी आज?"

तो गेला, त्या दिवशी वहिनी आल्या. एकट्याच. मामीचे दोन्ही हात धरून रडत म्हणाल्या, "त्यांनी सगळं फेडलं होतं हो. मी होते तिथे."

मामीने हात सोडवून घेतले. "आता मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "मला माहीतच होतं."