कृषी सहायकाचं दाभण

आमच्या गावचे कृषी सहायक खिशात पेनाशेजारी दाभण ठेवायचे. फवारणीच्या विषाची रिकामी कॅन दिसली की तिला भोकं पाडायचे आणि म्हणायचे, "सरकारचा नियम हाय, भाऊ."

एकदा माझ्या शेतात तसल्याच धुतलेल्या कॅनमध्ये मजुरांचं प्यायचं पाणी होतं. साहेबांनी ती भरलेली कॅनच भोसकली.

मी भडकलो. "काऊन फोडली साहेब? दहादा धुतली होती!"

"मंग तुमच्या पोरीले पाजा याच्यातलं."

कॅन गळत राहिली. माझा हात काही पुढे झाला नाही.

परवा त्यांची मेहकरला बदली झाली. गावानं शाल दिली, मी नवं दाभण दिलं. अंगठ्यावर टोक पारखत ते म्हणाले, "बरं झालं. तिकडंबी कॅना असतीनच."