पहिली चावी

काका धुलाईच्या दुकानात कपडे टाकले की पावतीच्या मागचे नियम वाचत. आणि नुसते वाचून थांबत नसत, दुकानदाराला वाचून दाखवत. "नियम चार. बटन टूटा तो जिम्मेदारी ग्राहक की. ये आपने छापा है, आपको मालूम है?" लक्ष्मीबाई नगरातल्या त्या सरदारजीला मालूम नव्हतं, पावत्या त्याच्या मेहुण्याने छापून आणल्या होत्या. काकांनी तिथल्या तिथे नियम चार खोडला, खोडल्याजागी त्याची सही घेतली आणि मग आपला एकुलता एक कोट त्याच्या हवाली केला.

काका माझे नातलग नव्हते. ते यवतमाळकडचे, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मी लातूरहून दिल्लीला देश चालवण्याच्या परीक्षेसाठी आलो होतो आणि देशाने मला दोनदा नकार कळवला होता. अशा मुलांना रविवारी जेवायला घालायचं हा काकूंचा नेम. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली जेवणाचं टेबल आणि टेबलाच्या टोकाला काका, कुठल्याही प्रश्नावर "तरतूद आहे" असं म्हणणारे. घरभाडं थकलं, पदवीचं प्रमाणपत्र हरवलं, घरमालकाने पाणी तोडलं, सगळ्याची कुठल्या ना कुठल्या नियमात तरतूद होती. आम्ही त्यांना तरतूदकाकाच म्हणायचो. एकदा मी म्हटलं, "काकू, वरणात मीठ कमी आहे." काकू म्हणाल्या, "वरून घ्यायची तरतूद आहे ना भाऊ."

निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर काही महिन्यांत सोडावं लागतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नोएडात शेतांमधून इमारती उगवत होत्या आणि उगवण्याआधीच त्यांचं बारसं होत होतं. काकांनी निवडलेल्या संकुलाचं नाव एखाद्या युरोपातल्या राजवाड्याला शोभलं असतं. प्रवेशद्वाराला आठ उंच खांब होते. प्रवेशद्वारापर्यंत जायला रस्ता मात्र नव्हता.

घर दलालामार्फत घ्यायचं नाही, हे काकांचं तत्त्व. "मधला माणूस दोन्ही बाजूंचा असतो, म्हणजे कुणाचाच नसतो," असं ते म्हणत. ते थेट बिल्डरच्या कार्यालयात गेले, करारनामा घरी आणला, दोन दिवस वाचला आणि त्यावर एकतीस हरकती नोंदवल्या. आठवड्याभरात एकतीसही हरकतींना शिक्क्यानिशी लेखी उत्तर आलं. लिफ्ट? बसवण्यात येईल. पाणी? देण्यात येईल. वीज? जोडण्यात येईल. काकांनी ती उत्तरं एका फाइलीत क्रमवार लावली. उभ्या नोकरीत त्यांच्या स्वतःच्या मंत्रालयाने कुणालाही इतक्या तत्परतेने उत्तर दिलं नव्हतं. खरं तर तिथेच त्यांना शंका यायला हवी होती.

इमारत बाहेरून पूर्ण झाली, रंगही लागला. एकदा आम्ही ती पाहायला गेलो तेव्हा कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या खोलीतून एक दलाल बाहेर आला. त्याने आम्हाला चहा पाजला.

"साब, लेना है तो लो. लेकिन पहली चाबी कभी मत लेना."

"क्यों?"

"जब तक बीस घरों में कपडे सूखते न दिखें, तब तक चाबी को हाथ मत लगाना. मैं अपने सब ग्राहकों को यही बोलता हूं."

परतताना बसमध्ये काका म्हणाले, "फुकट सल्ला देतोय, म्हणजे कुठेतरी खातोय." मी मान डोलावली. त्या काळात मी त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत असे. आज त्याची लाज वाटते.

क्वार्टर सोडायला पंधरा दिवस उरले होते. बिल्डरचं पत्र आलं: ताबा तयार आहे. लिफ्टच्या जागी आठ मजल्यांची पोकळी होती आणि तिच्या तोंडाशी फळ्या ठोकल्या होत्या. वीज बांधकामाच्या जोडणीवरून घेतलेली होती. काकांनी ताबापत्रावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'लिफ्ट, पाणी व वीज यांच्या पूर्ततेच्या अधीन राहून', आणि खाली सही केली. सरकारात असं लिहिलं की माणूस सुरक्षित होतो. पुढे कुणी विचारलंच, तर फाइल उघडून दाखवता येते. बिल्डरच्या माणसाने ती ओळ न वाचताच काकांना गुलदस्ता दिला, गळ्यात हार घातला आणि फोटो काढला. तो फोटो पुढे जाहिरातीत आला: राजवाड्यातलं पहिलं सुखी कुटुंब. काकूंचा चेहरा हाराने अर्धा झाकला होता, ते बरंच झालं.

घर आठव्या मजल्यावर होतं. काकूंचे गुडघे गेलेले. दर मजल्यावर टेकत टेकत त्या चढल्या आणि वर पोचल्यावर म्हणाल्या, "आता लिफ्ट लागल्यावरच उतरीन बाप्पा." पावसाळा गेला, थंडी गेली. दलालाचे ग्राहक चावी घेत नव्हते. त्या अख्ख्या इमारतीत कपडे वाळत होते ते एकाच घरात. काका रोज फाइल घेऊन बिल्डरच्या कार्यालयात जात. तिथली मुलगी आदराने सांगे, "अंकलजी, पजेशन हो गया न. अब तो लिफ्ट का मामला रेजिडेंट्स असोसिएशन देखेगी." असोसिएशन रहिवाशांनी स्थापन करायची होती. रहिवासी दोन होते आणि त्यातला एक जिना उतरू शकत नव्हता.

मी रविवारी भाजी घेऊन जायचो. काकू खिडकीशी बसलेल्या असत. खाली फक्त खडीचे ढीग दिसत. एकदा मी म्हटलं, "काकू, खुर्चीवर बसा, आम्ही चौघं मित्र उचलून खाली नेतो."

"म्हणजे? चौघांच्या खांद्यावर? मेल्यावर न्याल ना. आत्ता काहून घाई?"

काका पेपरमागून म्हणाले, "आणि घर रिकामं दिसलं तर ताबा सोडला असं म्हणतील. ग्राहक मंचात केस टाकलीय, ती कोसळेल."

काकू खिडकीकडे वळल्या. आठ महिन्यांत मी त्यांना गप्प झालेलं पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यानंतर त्या बहुतेक गप्पच असत. बुद्धवंदनासुद्धा मनातल्या मनात म्हणत.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी जिना चढत होतो. पाचव्या मजल्यावर काकू दिसल्या. पायरीवर बसलेल्या. एक पायरी खाली सरकायचं, थांबायचं, मग पुढची. अंगावर चांगली साडी, ती मागून सिमेंटने पांढरी झालेली. त्यांच्यामागे उभे असलेले काका हातात फाइल घेऊन कायदा समजावत होते.

"काकू, कुठे निघालात?"

"खाली."

"खाली काय आहे?"

"खाली काही नाही रे. पण वर तर अजिबातच नाही."

"अगं, दोघंही गेलो तर ताबा जातो," काका म्हणाले.

"मग तुम्ही बसा ताब्यात. मी चालले."

काकांनी वर पाहिलं. घराला कुलूप लावलेलं नव्हतं, दार सताड उघडं टाकून दोघं निघाले होते. मी विचारलं, वर जाऊन कुलूप लावून येऊ का?  फाइल माझ्या हातात देऊन काका काकूंच्या बाजूने पुढे झाले, दोन पायऱ्या खाली जाऊन बसले आणि म्हणाले, "खांद्यावर हात ठेव. सावकाश." दोघं तसेच बसत बसत उतरले. तळाशी पोचायला दुपार झाली.

सेक्टरच्या पोटात राहून गेलेल्या जुन्या गावात त्यांनी तळमजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली. केस हरली की नुसती लांबली, मला नीट कळलं नाही. काका त्याविषयी बोलत नसत, मीही विचारत नसे. लिफ्ट काही वर्षांनी सुरू झाली म्हणतात. तोवर काका गेले होते आणि काकू बहिणीकडे यवतमाळला.

मी त्या दोघांना एकत्र शेवटचं पाहिलं ते दिल्ली सोडताना. देशाचा तिसरा नकार आला होता आणि मला पुण्यात एका छापखान्यात नोकरी मिळाली होती. दोघं मला बसपर्यंत पोचवायला निघाले. काकू काठी टेकत, प्रत्येक टपरीशी थांबत, लोकांना निरखत चालत होत्या. थांब्यापाशी आलो तरी त्या थांबेनात.

"अहो, थांबा हाच आहे," काका म्हणाले.

"त्याला थांबू द्या. आपण थोडं पुढे जाऊन येऊ."

बस आली. मी चढलो आणि मागच्या खिडकीतून पाहिलं. मला हात करायचं विसरून दोघं घराच्या उलट दिशेने चालले होते. काकू पुढे होत्या.