राजासाठी दहा सह्या

नेपाळच्या राजगादीचं भवितव्य एकदा कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर ठरणार होतं, याची इतिहासाने कृपया नोंद घ्यावी. परवा मोमोंची वाफ नाकात गेली आणि २००८ मधला तो रविवार आठवला. पुण्यात शिकल्यामुळे छान मराठी बोलणारा आमचा नेपाळी शेजारी मोमोंचं भलंमोठं भांडं आणि एक पत्र घेऊन आला होता. देश हिंदू राष्ट्र राहावा, कारभार संसदेने करावा, पण गादीवर राजा हवाच, असं म्हणणारा त्याचा पक्ष तिकडे राजेशाही मोडीत निघताना एकाकी पडला होता. त्या पक्षाला धीर द्यायला अमेरिकेतून निदान दहा सह्या जायला हव्यात, असं त्याने पाणावल्या डोळ्यांनी सांगितलं. मोमो संपेपर्यंत जेवायला जमलेले आम्ही सगळे मित्र कट्टर राजनिष्ठ होतो. पेन फिरू लागलं तसा एकेकाला आपला ग्रीन कार्डचा फॉर्म आठवला. "यार, त्यात पार्टी-बिर्टीचं विचारतात," असं पुटपुटत जो तो कागद पुढे सरकवू लागला आणि तो एकाही सहीशिवाय शेजाऱ्यापुढे परतला. "भाऊजी, आधी तुम्ही तर करा," माझी बायको म्हणाली. त्याच्या हातातलं ते उघडं पेन मला आजही दिसतं. "वहिनी, मंगळवारी माझी सिटिझनशिपची शपथ आहे. परक्या राजावरची निष्ठा सोडली, असं म्हणावं लागतं त्यात."