आधी लिहा, मग कापा

माझ्या मामाचा कोणावरच विश्वास नाही. दूध आलं की वास घेणार, औषधाच्या पाकिटावरची तारीख भिंगातून वाचणार, मी "जेवले" म्हटलं तरी मामीला विचारून खात्री करून घेणार. ओतशाळेत, म्हणजे फाउंड्रीत, त्याने बत्तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक ड्रम तपासले. तिथे त्याला शंकासुर म्हणत आणि त्याला ते मनातून आवडायचं.

ड्रम वरून गुळगुळीत दिसला तरी आत हवेची पोकळी असू शकते. म्हणून प्रत्येक खेपेतला एक नग करवतीखाली जायचा. पण कापण्याआधी तपासनिसाने त्यावर खडूने आपला अंदाज लिहायचा, चांगला की पोकळ. "कापल्यावर सगळेच म्हणतात, मला वाटलंच होतं," मामा सांगायचा.

साठी उलटल्यावर त्याच्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली. भूल घ्यायला तो तयार नव्हता. झोपेत कोण काय करेल, काय सांगावं! तपासणी संपल्यावर मी आणि मामी आत गेलो, तर हा उठून बसलेला. नर्सच्या ट्रेमध्ये तीन छोट्या बाटल्या होत्या.

"तीन बारीक पॉलिप होते, म्हणजे आतड्यात वाढलेल्या गाठी. तिन्ही काढल्यात," डॉक्टर म्हणाले. पोरगेलेसा, सभ्य माणूस. "निरुपद्रवी आहेत. लॅबला पाठवायची गरज नाही. आता दहा वर्षांनी या."

"कशावरून?" मामाने विचारलं.

"बघून कळतं. रंग, कडा, वरची नक्षी. ज्यांचा पुढे कॅन्सर होऊ शकतो, ते वेगळे दिसतात."

"आणि बघण्यात चूक किती वेळा होते?"

"क्वचित."

"मोजलंय?"

डॉक्टर हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही, तुम्ही फेकूनच देता ना," मामा म्हणाला, "मग चुकलं ते तुम्हाला कळतं कसं?"

डॉक्टरांचं हसू मावळलं. ट्रे घेऊन निघालेली नर्स दारातच थांबली.

"प्रत्येक बाटलीवर तुमचा अंदाज लिहा आणि मग पाठवा. आधी लिहा, मग कापा."

डॉक्टरांचे कान लाल झाले, पण त्यांनी लिहिलं. तीनदा, 'निरुपद्रवी'.

पहिले दोन दिवस मामा शेजारीपाजारी फुशारकी मारत होता. मग फुशारकी थांबली. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "पहिले दोन नग चांगले निघाले ना, की तिसऱ्याकडे डोळा नीट बघतच नाही. माझं झालंय तसं." मला भीती वाटली, आणि अशा वेळी हे सांगितल्याबद्दल त्याचा रागही आला.

पंधरा दिवसांनी स्वतः डॉक्टरांनीच फोन केला. मामाने तो मोठ्या आवाजावर ठेवला, एकट्याने ऐकण्याइतकाही त्याचा स्वतःच्या कानांवर भरवसा नव्हता. दोन अंदाज बरोबर होते. तिसरा पॉलिप दुसऱ्या जातीचा निघाला, पुढे कॅन्सर होऊ शकणारा. पूर्ण निघाला होता, आता धोका नव्हता. पण पुढची तपासणी दहा नव्हे, पाच वर्षांनी.



"अजून एक सांगायचंय," डॉक्टर म्हणाले. "त्या दिवसापासून मी सगळ्या बाटल्यांवर अंदाज लिहून पाठवतोय. एकोणीसचे रिपोर्ट आले. तीन चुकले. तुमचा धरून."

मामाने फोन ठेवला.

"जिंकलास रे मामा," मी उगाच म्हटलं.

"मी चुकलो असतो तर बरं झालं असतं गं," तो म्हणाला.

मग माझा संताप बाहेर पडला. असला डॉक्टर हवाय कशाला? मोठ्या हॉस्पिटलात एक आहेत, त्यांची नजर कधीच चुकत नाही, सगळे सांगतात.

"सगळे सांगतात. त्यांनी मोजलंय का?"

मामाने मामीकडे बघितलं. तिचीही तपासणी करायचं ठरलं होतं, पण कोणाकडे, यावर सहा महिने घोळ चालला होता. पाच डॉक्टर त्याने नापास केले होते.

"हिचं नाव याच्याकडे घाल," तो मला म्हणाला.

"अहो, याच्याकडे?" मामी म्हणाली. "चुकला ना तो!"

"तीनदा चुकला," मामा म्हणाला, "आणि तीनदा चुकलो, असं स्वतःच म्हणाला."