करंगळीवरची शाई

आमच्या न्हावऱ्याच्या थोरल्या मामांइतका सरकारला घाबरणारा आणि सरकारी माणसांना तितकाच घाबरवणारा गृहस्थ अख्ख्या शिरूर तालुक्यात झाला नाही. पोस्टमन दिसला की मामा उसात शिरत. घरात माणसं किती, हे त्यांनी शिरगणतीच्या मास्तरांना कधी धड सांगितलं नाही. एकदा तर मेलेला आजाही जमेस धरला. एसटी सरकारची, म्हणून दौंडला आमच्याकडे येताना दाराजवळच बसत, वेळ आलीच तर उडी मारता यावी म्हणून. मेंढरांना मात्र सगळ्या गावाआधी लस टोचून आणत. मी डिवचलं तर म्हणाले, "मेंढरू मत देत न्हाई भाच्या, त्याला सरकार कशाला फशिवल?"

यामागे जुनं दुखणं होतं. आणीबाणीत धाकट्या मामांना बाजारातून जीपमध्ये घालून नेलं आणि नसबंदी करून सोडलं. लग्न नुकतंच झालेलं. त्यांना मूल झालंच नाही. दोन भावांच्या घरात मिळून नातू एकच, थोरल्यांचा. पोलिओच्या रविवारी मामांनी त्याला शाळेतल्या बूथवर जाऊ दिलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई घरी आल्या. मी तेव्हा न्हावऱ्यालाच होतो. मामा दारात काठी आडवी धरून उभे.

"थेंबाचं काय न्हाई बाई. पर करंगळीला शाई लावायची न्हाई."

"शाई नसली तर डोस दिलाय हे कळणार कसं, मामा?"

"आमच्यात खूण धनी करतो. ज्याचा रंग त्याचं मेंढरू. उंद्या पोरगं सरकारचं म्हंजी?"

मला हसू फुटलं. आतून मामांच्या सुनेनं, पोराच्या आईनं, माझ्याकडे असं पाहिलं की ते गिळावं लागलं. वरच्या आळीत एका पोराचा पाय लुळा पडला होता, आणि ती रडकुंडीला आली होती.

बाई भल्या. त्यांनी ना काठी ओलांडली, ना धमकी दिली. शाईचं पेनच मामांपुढे केलं. "मग तुम्हीच लावा. धनी तुम्ही."

मामांनी पेन हातात घेतलं. मग काठी भिंतीला टेकवली. नातवानं तोंड वाकडं करत थेंब गिळले. मामांनी ओसरीवरच्या भावाला हाक मारली.

"धाकल्या, हिकडं ये. तू लाव."

"म्या?"

"व्हय. तुझंबी पोरगं हाय."

धाकट्या मामांनी ते इवलंसं बोट धरलं आणि नखावर शाई लावली. शाई वाळली तरी त्यांनी बोट सोडलं नाही. बाईंना पुढच्या घरी जायचं होतं, पण त्याही थांबल्या.

आज दोघेही मामा नाहीत. थोरल्यांची टिंगल करायला बसलो की मी त्या सकाळपर्यंत येतो, आणि पुढं काही बोलवत नाही.